ग्रेडर काकांनी नापास केलेला चंद्र

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालक काकांनी माझ्या शालीच्या काठाचा एक धागा उपसला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, तुटला तिथे डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि म्हणाले, "मिक्स हाय." ती शाल आईने यवतमाळला शुद्ध लोकरीची म्हणून घेतली होती आणि पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला जाताना मी ती मुद्दाम अंगावर घेतली होती. भाड्याचं, पाण्याचं, कशाचंच बोलणं व्हायच्या आत माझी शाल नापास झाली. मी मनात म्हटलं, बाई गं, हा माणूस काही सुखाने राहू द्यायचा नाही. पण बाभुळगावात शाळेजवळ दुसरी बरी खोली नव्हती, आणि आत काकू पोहे करत होत्या त्याचा वास चांगला येत होता. मी राहिले.

काका कापसाचे ग्रेडर होते. हंगामात खरेदी केंद्रावर कापसाने भरलेल्या बैलगाड्या, तिकडच्या बंड्या, रांगेने उभ्या राहायच्या आणि हा माणूस एकेका बंडीजवळ जाऊन कापूस कोणत्या प्रतीचा ते सांगायचा. तो सांगेल ती प्रत आणि त्या प्रतीचा भाव. बंडीवाल्याचा वर्षभराचा घाम यांच्या एका शब्दावर. त्यामुळे लोक बंडीच्या वर छान पांढरा कापूस पसरायचे आणि खाली कवडी, म्हणजे डागाळलेला किडका माल, दाबून भरायचे. काका शर्टाची बाही वर सारून हात खांद्यापर्यंत आत घालायचे आणि तळाची मूठ बाहेर काढायचे. "वरचा कापूस पाहुणा असते, घरचा माणूस खाली बसला असते," हे त्यांचं वाक्य मी त्या घरात शंभरदा तरी ऐकलं असेल.

नोकरी सुटली, पण हात आत घालायची खोड सुटली नाही. भाजीवालीच्या टोपलीत वरची वांगी बाजूला सारून तळाचं वांगं काढायचे. गव्हाच्या पोत्यात हात, साखरेच्या डब्यात हात. एकदा आमच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी आले आणि शाळेच्या निकालाचं कौतुक करायला लागले, तर काकांनी विचारलं, "वरचे दहा सोडा, शेवटच्या बाकावरच्याईचं सांगा." मुख्याध्यापकांनी चहा अर्धा टाकला. काका स्वतः तर दुसऱ्याच्या घरी चहाला शिवतच नसत. दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर उतरवून बघितल्याशिवाय दूध घरात येत नसे. गॅसच्या सिलिंडरवर खडूची खूण, रॉकेलच्या डबकीवर खडूची खूण. काकू म्हणायच्या, "माह्यावर बी खूण केली असन कोठीतरी, मले दिसत नाही फक्त."

आणि त्यांची चौकशीची पद्धत तर काय सांगू. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी विचारायचे. सोमवारी, "मॅडम, तुमचे वडील कोणत्या खात्यात होते?" बुधवारी तोच प्रश्न. रविवारी पुन्हा. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं की मग तो विषय संपला. माझ्यावर संशय असला की मी मॅडम, आणि संशय फिटला की पोरी. पहिले चार महिने मी मॅडमच होते.

आता खरं सांगते, मीही काही साधी नव्हते. खोली घेतल्यावर आठवड्याभरातच शाळेतल्या शिपायाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुमचा घरमालक पैसे खायचा. शेवटची दोन-तीन वर्षं त्याने लोकांचा धडधडीत पांढरा कापूस पिवळा ठरवला, खालची प्रत लिहिली, आणि मग तोच कापूस फाटकाबाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांनी मातीमोल भावात उचलला. तक्रारी झाल्या, चौकशी बसली, काही निघालं नाही. पण आपल्याकडे काही निघालं नाही म्हणजे नीट लपवलं, असाच अर्थ घेतात. कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगाव माणसं हबकलेली होती आणि कोणावर तरी राग काढायला हवाच होता. काकांनी मुदतीआधी नोकरी सोडली. चौकातल्या हॉटेलात बसणं बंद केलं. रस्त्याने जाताना कोणी मागून काही पुटपुटलं की त्यांची मान ताठ व्हायची.

ते सगळं मला ठाऊक होतं, आणि पोहे खाता खाता माझी नजर त्यांच्या घरभर फिरायची. पैसे खाल्ले तर गेले कुठे? एक लोखंडी पलंग, दोन खुर्च्या, भिंतीला लावलेली सायकल, काकूंच्या हातात काचेच्या बांगड्या. मला वाटायचं, वरचा कापूस पाहुणा असतो. घरचा माणूस खाली कुठेतरी बसला असेल. त्यांच्याच घरात राहून त्यांच्याच रीतीने मी त्यांच्यावर पाळत ठेवत होते, आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं. एकदा सरळच म्हणाले, "मॅडम, लोकाईनं तुमाले सांगतलं असनच. एक दिवस मी साबित करून दाखवतो. माह्या हातून एक मूठ कापूस खोटा लिवला गेला नाही." त्या एका वाक्यावर तो माणूस उभा होता. तेवढंच त्याच्याजवळ उरलं होतं.

अशा घरात मी दुर्बीण आणली.

शाळेतल्या मुलांना चंद्रावरचे खड्डे दाखवायचे हे माझं खूळ. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून पार्सलने मागवलेली, शिकाऊ लोकांसाठीची साधी दुर्बीण. एक पांढरी नळी, तीन पायांची घोडी, डोळ्याला लावायची दोन भिंगं आणि किरकोळ सुटे भाग. खोकं उघडताना काका दारात उभे. आधी खोक्याच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं, मग खोकं उलटं करून तळ बघितला. "हे एकदा खोलून पुन्हा बंद केलं हाय," म्हणाले. ते तसं नव्हतं. पण त्यांनी म्हटल्यावर मलाही ते तसं दिसायला लागलं, हीच त्या माणसाची खुबी होती.

दुर्बीण जोडली आणि खिडकीतून गावाच्या पाण्याच्या टाकीकडे रोखली. दिसलं काय, तर एक उजळ वाटोळा धूर. चाक फिरवून फिरवून बोटं दुखली. धूर मोठा होई, लहान होई, पण टाकी काही होईना. मी बी.एस्सी. झालेली, वर्गात भिंगांचा धडा शिकवणारी, आणि माझी ही गत. रडकुंडीला आले. काकांच्या चेहऱ्यावर मात्र कितीतरी दिवसांनी तेज आलं. त्यांना केस मिळाली होती.

पहिला आरोपी दुकानदार. मग पार्सल आणणारा. मग खिडकीची काच. "काचातून पाह्यता अन् काचाले दोष देता," म्हणून त्यांनी दुर्बीण गच्चीवर न्यायला लावली. ते बरोबरच होतं, पण गच्चीवरही धूरच. मग मी भराभर दोन्ही भिंगं बदलायला, नळी पुढेमागे करायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. "एका टायमाले एकच गोष्ट बदलाची. बाकी सारं जसंच्या तसं. एकदम दोन बदलले तं चोर पळून जाते." ही त्यांची केंद्रावरची रीत. प्रतीबद्दल शंका आली की आधी उजेडाची जागा बदलून बघायची, मग मूठ, मग बंडीचा कोपरा, पण एकेक करून.

आमच्या गच्चीवरच्या या तपासाने शेजारीपाजारी भलताच गोंधळ उडाला. समोरच्या वहिनींनी गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद केलं. मागच्या गल्लीतल्या एकाने कापूस भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवला होता, त्याने त्याच्या खिडक्यांना पोती लावली. ग्रेडर नळीतून कापूस बघतो आणि कोणाला तरी कळवतो, अशी बातमी शाळेपर्यंत आली. मला हसावं की रडावं कळेना. काकांना विचारलं तर म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं. ज्यानं पोतं लावलं त्याचाच माल पाह्याले पायजे."

खोक्यात एक लहानसा तुकडा उरला होता. काटकोनात वाकलेली नळी, आत तिरपा आरसा. मी तो बाजूला ठेवला होता. मान न वाकवता बघता यावं म्हणून दिलेली ती सोय आहे, नाही लावली तरी चालेल, असा माझा समज. सोमवारी काकांनी विचारलं, "हे कायले देलं?" मी सांगितलं. बुधवारी पुन्हा विचारलं. रविवारी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, तुम्हीच लावा एकदाचा आणि मला मोकळं करा." त्यांनी लावला. मी डोळा लावून चाक थोडं फिरवलं आणि टाकी समोर आली. शिडीची एकेक पायरी, वर बसलेले दोन कावळे, एकाच्या चोचीत काहीतरी. त्या आरशाच्या तुकड्याने जी जास्तीची लांबी मिळते, तीच न मिळाल्याने सगळं धुरकट दिसत होतं. काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "काखेत कळसा अन् गावाले वळसा." मी लाजले, पण आनंद एवढा झाला की काकांच्या पाया पडायचंच बाकी राहिलं.

काकांनी चष्मा कपाळावर सारला, डावा डोळा मिटला, उजवा भिंगाला लावला. ते कापूसही असाच बघायचे, चिमूट उजेडात धरून, एका डोळ्याने. बराच वेळ बघितलं.

"गढूळ हाय अजून," म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. टाकी लख्ख. त्यांनी पुन्हा बघितलं. गढूळ. मी चाक फिरवलं, त्यांनी फिरवलं. ते म्हणत राहिले, पूर्ण साफ नाही, पिवळी झाक आहे, कडा फुटतात. मी म्हटलं, मला तर स्वच्छ दिसतंय. "तुमाले घाई हाय मॅडम," ते म्हणाले. मी पुन्हा मॅडम झाले होते.

पुढचे दोन-तीन आठवडे त्या माणसाने माझा जीव खाल्ला. भिंग बदलून बघितलं. आरसा मलमलच्या तुकड्याने पुसून बघितला. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, ऊन उतरल्यावर बघितलं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी जसंच्या तसं. निकाल तोच. शेवटी त्यांनी जाहीर केलं की काचच हलकी आहे, पिवळी आहे, दुकानदाराने फसवलं, परत पाठवा. आणि सांगायला लाज वाटते, पण मला तसं दिसायला लागलं होतं. एवढ्या खात्रीने बोलणारा माणूस शेजारी उभा असला की आपल्या डोळ्यांवरचा आपलाच भरवसा उडतो. मी शाळेत मुलांना चंद्र दाखवायचं कबूल केलं होतं, ते पुढे ढकलत राहिले.

मग एका संध्याकाळी माझा तोल गेला. ते पुन्हा भिंगातून डोळा काढून "पिवळं" म्हणाले, आणि माझ्या तोंडून गेलं, "काका, तुम्ही कापसालाही असंच म्हणत होता का? समोर पांढरं असलं तरी?"

काकू जिन्यात होत्या, त्यांनी ऐकलं. काकांनी घोडीचे पाय मिटले, दुर्बिणीवर फडकं टाकलं आणि खाली गेले. तीन दिवस त्या घरात कोणी माझ्याशी नीट बोललं नाही. काकूंनी ताट वाढलं, पण चटणी दिली नाही. मला पश्चात्ताप झाला, अगदी मनापासून झाला. पण खरं सांगू? मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं की लोकांचं बरोबर आहे. हा माणूस चांगल्याला चांगलं म्हणूच शकत नाही, आणि पैसे खाल्ले नसले तरी यानेच लोकांचं नुकसान केलं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. काकूंनाही. पश्चिमेचा उजेड अजून होता आणि डोक्यावर अर्धा चंद्र. दुर्बीण चंद्राकडे रोखून ठेवलेली. काकांच्या हातात शाळकरी वहीच्या कागदाच्या तीन चिठ्ठ्या आणि तीन पेन्सिली. त्यांनी समजावून सांगितलं की केंद्रावर एखाद्या नमुन्याबद्दल वाद झाला तर दोन ग्रेडर एकमेकांशी न बोलता आपापली चिठ्ठी लिहितात आणि मग चिठ्ठ्या एकत्र उघडतात. आज तसंच करायचं. चाकाला कोणी हात लावायचा नाही. चंद्राचा रंग कसा आणि कड कशी, एवढंच लिहायचं.

आधी मी बघितलं आणि लिहिलं. मग काकूंनी पदर सावरून बघितलं, इतका वेळ बघत राहिल्या की काकांनी खाकरलं. शेवटी काका. चिठ्ठ्या त्यांनीच उघडल्या आणि अंधुक उजेडात डोळ्याजवळ नेऊन मोठ्याने वाचल्या. माझी होती, पांढरा, कड स्पष्ट. काकूंच्या चिठ्ठीत होतं, पांढराफेक, तोंडावर देवीचे वण. तिसरी त्यांची स्वतःची. पिवळसर, कड फुटलेली.

ते आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. आम्ही संगनमत केलं असा संशय त्यांना आला, तो चेहऱ्यावर स्वच्छ दिसला. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे. पुन्हा भिंगाजवळ गेले. उजवा डोळा लावला. मग थांबले, तो मिटला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच डावा डोळा लावला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. तीन आठवड्यांत आम्ही भिंग बदललं, आरसा पुसला, जागा बदलली, वेळ बदलली. बदलायचा राहिला होता तो एक बघणारा डोळा.

ते सरळ उभे राहिले. हातातली चिठ्ठी कोरी बाजू वर करून एका डोळ्याने बघितली, मग दुसऱ्याने. मग गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले.

"पोरी, हा कागद कोणत्या रंगाचा हाय?"

"पांढरा, काका."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा काकू त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला तोवर काही कळलं नव्हतं. मला वाटलं, डोळा अधू झाल्याचं दुःख आहे, म्हातारपणी होतंच. मी तसं काहीतरी बोलायलाही गेले. तेव्हा काका चंद्राकडे न बघता म्हणाले, "बंड्या किती गेल्या असन माह्या हाताखालून. किती साल मी पांढऱ्याले पिवळं लिवत होतो?" मग कुठे मला कळलं, ते कापसाचं बोलत होते.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. मोतीबिंदू. उजव्यात पिकलेला, डाव्यात सुरुवात. तो हळूहळू पिवळा पडत जातो आणि माणसाला कळतही नाही, कारण सगळंच सारखं पिवळं होतं, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी एकच प्रश्न विचारला, "कवापासून?" डॉक्टर हसून म्हणाले, "आता ते कसं सांगणार आजोबा? दोन वर्षं असेल, पाच असेल." काकांनी तो प्रश्न दोनदा आणखी विचारला, आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी घरात आल्या आल्या म्हणाले, "भिंती कवा रंगवल्या?" भिंती कोणी रंगवल्या नव्हत्या. मग काकूंकडे बघून म्हणाले, "तू एवढी पांढरी झाली अन् मले सांगतलं नाही." काकू हसल्या आणि मग आत जाऊन रडल्या. मी दुर्बीण लावून देते म्हटलं तर नको म्हणाले. लोकांना सांगा की, मी म्हटलं, आता तर सिद्ध झालं, तुम्ही पैसे खाल्ले नव्हते. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझी चूक कळली. खाल्ले नव्हते हे सिद्ध झालं होतं. पण एक मूठही खोटी लिहिली नाही, हे आता कधीच सिद्ध होणार नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा एका बाईंचं नाव काढलं. राळेगावकडच्या एका गावच्या, एकट्याच शेती बघणाऱ्या. शेवटच्या हंगामाच्या आदल्या वर्षी त्यांची बंडी आली होती, पहिल्या वेच्याचा, म्हणजे सगळ्यात स्वच्छ, कापूस. काकांनी पिवळा लिहिला. बाकी लोक अशा वेळी भांडत, शिव्या देत, कोणी पाया पडत. ही बाई काही बोलली नाही. कापूस हातात घेऊन बघितला आणि बंडी वळवली. काकांना तेव्हा वाटलं होतं, भांडली नाही म्हणजे माल पिवळा आहे हे हिलाच माहीत होतं. "बाकीच्याईचे चेहरे नाही आठवत," म्हणाले, "थे आठवते. मले जाऊन सांगाचं हाय." मी बरोबर यायचं, कारण साक्षीदार हवा. उद्या कोणी म्हणायला नको की ग्रेडर आलाच नव्हता.

कळंबला बस बदलून राळेगाव, तिथून दुसरी बस आणि फाट्यावरून पायी. काकांच्या डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा. बाई अंगणात तूर पाखडत होत्या. साठीच्या, बारक्या, हात मात्र मोठे. त्यांनी लगेच ओळखलं, "या गिरेडर साहेब, बसा," म्हटलं आणि चहा टाकला. काकांनी तो चहा वासही न घेता पिऊन टाकला. मग कप खाली ठेवून उभे राहिले. बसून सांगायची ती गोष्ट नव्हती बहुधा.

"बाई, त्या साली तुमचा कापूस मी पिवळा लिवला. माह्या डोळ्यात मोतीबिंदू होता, मले मालूम नव्हतं. तो पांढरा असन. पांढराच होता ना?"

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. जराशा विचारात पडल्या, जणू कोणा दुसऱ्याच्या शेताची गोष्ट होती.

"मले तं पांढराच दिसला होता," त्या म्हणाल्या. "पण तुमी पिवळा म्हटलं. मंग मले वाटलं, आपल्यालेच दिसत नसन नीट. रांगेतले सारे म्हणत होते, गिरेडर पैसे खाते, भांड तू. मी म्हटलं, नाही बाप्पा. जो माणूस खांद्यापर्यंत हात घालून तळाचा कापूस पाह्यते तो खोटं कायले बोलन? आपल्याच बियाण्यात खोट आली असन. म्हून त्या साली घरचं बियाणं बंद केलं. माह्या सासूच्या वेळचं होतं, थे हातानं सरकी काढून राखेत घोळून ठेवे. आता दुकानाचं पाकीट आणतो, सारेच आणते."

हे सांगताना त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी तुरीच्या ढिगाकडे बघत बसले.

काकांनी विचारलं, "थोडंबी नाही राह्यलं? मूठभर?"

"नाही जी. ढोराईले चारलं."

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा त्यांना दिली. राळेगाव मागे पडलं तसा त्यांनी काळा चष्मा काढून हातात घेतला. बाहेर दोन्हीकडे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या.

"साऱ्या दुनियेनं शक घेतला," ते म्हणाले. "तिनं बी माह्यावर शक घ्याले पायजे होता, पोरी."